करिझ्माचा स्ट्रीट ट्रॅकर करायचाय, पण चासी न कापता

रामबाग०९:
मंडळी, आमच्याकडे हिरो होंडाची २००४ ची करिझ्मा आहे. एमपी ०९ (इंदूर) पासिंग, कागद चालू, इंजिन आजवर उघडलेलं नाही, थंडीतही पटकन सुरू होते. बाकी अवतार विचारू नका. डूमच्या (पुढच्या प्लास्टिकच्या आवरणाच्या) कडा तडकल्यात, शेपटीचं प्लास्टिक तारेने बांधलंय, सीटचं रेग्झिन फाटलंय. मूळ रूपात आणायची तर धड डूम मिळत नाही. मिळते ती कान तुटलेली, वरून रंग फासलेली, आणि भाव असा की ऐकूनच परत फिरावं. तेव्हा हिचा स्ट्रीट ट्रॅकर करावा असा विचार करून राहिलोय.

हा प्रकार ज्यांच्या पाहण्यात नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत मातीच्या लंबगोल ट्रॅकवर शर्यती होतात. सगळी वळणं डावीकडे, मागचं चाक सरकवत, डावा पाय जमिनीला घासत. त्या बुटाला लोखंडी तळ बांधलेला असतो. हार्लेची एक्सआर ७५० ही १९७० मध्ये त्याच कामासाठी काढलेली गाडी. रस्त्यावरच्या ५०० सीसी शर्यतींचा सलग तीनदा (१९७८ ते १९८०) जगज्जेता झालेला केनी रॉबर्ट्स मूळचा या मातीतलाच. अशा गाडीला दिवे, दोन ब्रेक आणि नंबरप्लेट लावून रस्त्यावर आणली की झाला स्ट्रीट ट्रॅकर. रुंद हँडल, सपाट सीट, आखूड शेपूट, आणि दोन्ही चाकं जवळपास सारखी. कॅफे रेसरसारखं पोटावर झोपून मनगटं मोडून घ्यायची नाहीत, हे मला विशेष आवडतं.

करिझ्माच का, तर हिचं २२३ सीसीचं इंजिन. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६५.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६६.२ मिमी. होंडाने जपानमध्ये २००० पासून २०१६ पर्यंत एफटीआर २२३ नावाचा स्ट्रीट ट्रॅकर विकला, त्याचीही मापं नेमकी हीच. म्हणजे जे आपण करू पाहतोय ते होंडाने स्वतःच करून ठेवलंय, फक्त आपल्याकडे आणलं नाही.

माझ्या अटी दोन. चासीला ग्राइंडर लागणार नाही, आणि प्रत्येक मूळ भाग परत बसवता आला पाहिजे. गाडी रोज चालणारी आहे, रविवारची बाहुली करायची नाही. बोला आता.

साइडस्टँड (पुणे):
माझा सरळ विरोध नोंदवून घ्या. २००३-०४ च्या चांगल्या करिझ्मा आता शोधून सापडत नाहीत. ज्याच्या हातात एक आहे त्यानेच तिचं मुंडण करायचं? अजून दहा वर्षांनी रडाल. डूम मिळत नाही म्हणता, फायबरची बनवून घ्या की.

रामबाग०९:
दादा, फायबरची डूम लावली तर ती मूळ राहिली का? नाही ना. मग खोट्या डूमपेक्षा खरा ट्रॅकर बरा. आणि म्हणूनच अट घातलीय की काहीही कापायचं नाही. निघालेला एकेक भाग वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जाणार आहे.

आठवा_गिअर:
इंदूर सलग स्वच्छतेत पहिलं येणारं शहर. तिथे माती शोधणार कुठे भिया? 😄 आधी फोटो टाका, नाहीतर धागा रद्द समजा.

कलम५२:
मौजमजा चालू द्या, पण एकदा कायदा बोलून घेऊ म्हणजे पुढे कटकट नको.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीत लिहिलेले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळे होतील असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. सायलेंसरचा आवाज आणि धूर यांचं प्रकरण वेगळं, ते कलम १९० मध्ये, तिथे पहिल्याच वेळी १०,००० पर्यंत जातं. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, त्यामुळे मूळ सायलेंसर काढायचा विचारही नको.

आता जे बहुतेकांना माहीत नसतं ते. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३: मागे बसणाऱ्याला धरायला कायमची मूठ, पाय ठेवायला जागा, आणि मागचं चाक निम्म्याहून कमी नाही इतकं झाकणारं संरक्षण, म्हणजे आपला साडीगार्ड. इंटरनेटवरचे जे ट्रॅकर बघून तुम्ही लाळ गाळता त्यातल्या एकालाही हे तिन्ही नसतात. तुमच्या आरसीत आसनसंख्या दोन असेल. एकट्याची सीट केलीत तर तिथेच तपशील बदलला.

रंग बदललात तर आरसीवर नोंद करून घ्या. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर ऐन वेळी क्लेम अडकतो. आणि काही सुरू करण्याआधी नायता मुंडल्याला आरटीओत एक चक्कर मारून काय चालेल ते विचारा.

साइडस्टँड:
म्हणजे तपासणीच्या दिवशी मूळ भाग लावून न्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रॅकर. झालं.

कलम५२:
ही पळवाट झाली, आणि अपघाताच्या दिवशी ती कामाला येत नाही. तिसऱ्या माणसाला लागलं की विमावाला आधी गाडीचे फोटो मागतो. चासी, इंजिन, आसनसंख्या, सायलेंसर यांना हात न लावता काय होतं ते बघा. माझ्या मते बरंच होतं.

रामबाग०९:
वकीलसाहेब, धन्यवाद. साडीगार्ड राहणार, सीट दोघांची राहणार, सायलेंसर आहे तोच. एफटीआरलाही लांब सीटच होती, त्यामुळे मन खट्टू होण्याचं कारण नाही. आता चाकांवर या. सगळे सांगतात ट्रॅकरला १९ इंची चाकं हवीत. बुलेटची जुनी १९ ची स्पोक चाकं सियागंजात एकाने दाखवलीत. बांधून घेऊ का?

खरादवाला:
नको. थांब जरा, सविस्तर लिहितो.

१९ इंच ही शर्यतीच्या टायरची सोय आहे. तिथला टायर त्या मापात येतो म्हणून चाक त्या मापाचं. तू ज्या एफटीआरचं नाव घेतलंस तिला होंडाने दोन्हीकडे १८ चीच चाकं दिली होती, १२०/९०-१८ (रुंदी १२० मिमी, उंची तिच्या ९० टक्के, रिम १८ इंच) पुढेही आणि मागेही. तुझ्या करिझ्माला दोन्हीकडे १८ आहेत. देवाने आयतं दिलंय ते घे.

बुलेटचं चाक बसवायचं तर हब वेगळा, ॲक्सल वेगळा, डिस्कचं अंतर वेगळं, बुश खरादायचे, कॅलिपरला नवी पट्टी बनवायची. मी आयुष्यभर हेच करत आलोय, पैसे मलाच मिळतील, तरी सांगतो की नको. ब्रेकच्या वाटेत जितके घरी बनवलेले तुकडे तितकी झोप कमी.

आता टायरचं गणित. मूळ मापं पुढे २.७५-१८ (हे इंचात), मागे १००/९०-१८. बाहेरचा व्यास काढला तर पुढचा साधारण ५९७ मिमी, मागचा ६३७. पुढचा बारकुडा आहे म्हणूनच ही गाडी बाजूने पाहिली की ट्रॅकर वाटत नाही. लोक काय करतात, दिसायला दणकट म्हणून दोन्हीकडे १२०/९० घालतात. त्याचा व्यास ६७३. म्हणजे पुढचा ॲक्सल ३८ मिमी वर गेला आणि मागचा १८. गाडीचं नाक वीस मिमी उचललं गेलं. नाक उचललं की फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) अजून तिरका होतो, ट्रेल (हँडलच्या अक्षामागे टायर जितका टेकतो ते अंतर) वाढतो, आणि राजवाड्याच्या गर्दीत हँडल वळवताना गाडी ‘नाही’ म्हणते. शिवाय १२० चा टायर या फोर्कच्या दोन नळ्यांत मावेल असं मला वाटत नाही. जपानी गाडीचा फोर्क त्यासाठीच रुंद होता.

त्यापेक्षा पुढे ९०/९०-१८ आणि मागे ११०/९०-१८ घे. व्यास ६१९ आणि ६५५. पुढे ११ मिमी वर, मागे ९ मिमी वर. गाडी जवळपास सरळ उचलली जाते, स्वभाव तोच राहतो, आणि खाली जमिनीपासूनची जागा १५० ची १६० च्या आसपास होते. खड्ड्यांसाठी तेवढं बरंच.

पण टायर घ्यायच्या आधी रिमवर कोरलेली रुंदी वाच. इंचातला आकडा असतो, १.८५, २.१५ असा. ९०/९० ला किमान १.८५ हवी, ११०/९० ला किमान २.१५. कमी असेल तर टायर फुग्यासारखा गोल होतो आणि कडेवर धड टेकत नाही. मग एक माप खाली ये, हट्ट करू नको. आणि चिमट्यात (मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत) दोन्ही बाजूंना, चेनकव्हरपाशी आणि मडगार्डखाली बोटभर तरी जागा राहिली पाहिजे. चेन ओढून चाक मागे-पुढे होतं, तेव्हा दोन्ही टोकांना तपास.

रामबाग०९:
काका, हे मी छापून गॅरेजात लावतो. रिम बघून आलो, तुम्ही सांगितलेली मापं बसतात. स्पोक चाकांचा नाद सोडला. अलॉयलाच काळा रंग.

पीथमपूर_शिफ्ट:
काकांच्या गणिताला एक पुरवणी. मागचा टायर ६३७ वरून ६५५ झाला म्हणजे परिघ सुमारे २.८ टक्के वाढला, तेवढं गिअरिंग लांब झालं. मागच्या सॉकेटला (चेनच्या दातेरी चक्राला) चाळीसच्या आसपास दात असतात, म्हणजे एक दात म्हणजे अडीच टक्के. मागे एक दात जास्तीचं सॉकेट घातलं की हिशेब जुळला. दोन दात घातलेत तर सिग्नलवरून उचल चांगली मिळेल, पण एबी रोडवर ८० च्या वर इंजिन उगाच ओरडेल. चेनसेट तसाही बदलणारच असाल, तेव्हाच करा.

बाकी, मी जिथे काम करतो त्या पीथमपुरातच २०१८ पासून नव्या जावा बनतात, आणि पुढे येझदीही. कोणी म्हणेल की नवी स्क्रॅम्बलरच घे ना. पण मला विचाराल तर १५० किलोची करिझ्मा आणि १७ बीएचपी, हे समीकरण गावात चालवायला जास्त मजेचं आहे. नव्या गाड्या जड झाल्यात.

लष्करवाला (ग्वाल्हेर):
मी येझदीवाला, त्यामुळे तुमच्या फोरस्ट्रोकच्या भानगडीत एरवी पडत नाही. पण धाकट्याकडे करिझ्मा होती म्हणून एक सांगतो. ट्रॅकरच्या फोटोंत सीटखालची त्रिकोणी जागा रिकामी दिसते, आरपार. ती रिकामी करायला लोक एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) फेकतात आणि कार्बोरेटरच्या तोंडाला शंकूसारखा फिल्टर लावतात. ते करू नका.

हिचा कार्बोरेटर सीव्ही जातीचा. त्यातला पिस्टन केबलने उचलत नाही, हवेच्या दाबातल्या फरकाने उचलतो. एअरबॉक्स आहे म्हणून आत येणारी हवा शांत असते. तो काढला की मधल्या रेव्हमध्ये गाडी अडखळते, मिक्श्चर पातळ होतं, मग मेन जेट मोठा कर, नीडल वर कर, स्लो जेट बदल, आणि एवढं करून पावसाळ्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आमच्या जुन्या येझदीच्या कार्बोरेटरचं स्लाइड सरळ केबलने उचलतं, त्यामुळे तिथे फिल्टर बदलला तरी दोन जेटमध्ये भागतं. ते बघून तुमच्याकडचा मिस्त्री ‘हो जाएगा’ म्हणेल. त्याचं ऐकू नका.

एअरबॉक्स झाकायला ट्रॅकरकडेच उपाय आहे. शर्यतीच्या गाडीला दोन्ही बाजूंना नंबर रंगवायच्या पाट्या असतात. त्या लावा, मागे एअरबॉक्स आहे हे कोणाच्या बापालाही कळणार नाही.

रामबाग०९:
वा. पाट्या ठरल्या. बाजूच्या मूळ पॅनेलच्या रबरी खिट्ट्यांतच बसतील अशा दोन मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या करतो, म्हणजे वेल्डिंगही नको.

आता सीट आणि शेपूट. मागची चौकट न कापता वर फायबरचा तळ बसवायचा आणि त्यावर सपाट फोम. फायबर घरी करावं की बाहेर?

मांडवीकरीण (बडोदा):
सीटबद्दल आधी माझं ऐका, कारण मी सव्वापाच फुटांची आहे आणि तुमच्यातले बरेच उंटासारखे असणार. हिची मूळ सीट ७९५ मिमीवर आहे. सपाट सीट म्हणजे बसायच्या खळग्यात फोम भरून तो मागच्या पातळीला आणणं. त्याने उंची सहज तीस-चाळीस मिमी वाढते, शिवाय टायरचे दहा. समोरून सीट रुंद ठेवलीत तर पाय अजून वर लटकतात. टाकीपाशी सीट चिंचोळी करा, मांडीखाली कोपरे कापा. उंची तेवढीच राहून पाय टेकतात. फोम एकदम मऊ नको, खाली कडक थर आणि वर बोटभर मऊ.

रामबाग०९:
ताई, घरात बायकोही चालवणार आहे, तेव्हा हा मुद्दा एकदम कामाचा.

खरादवाला:
फायबरसाठी लांब जायची गरज नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचं (मिरवणुकीतल्या देखाव्यांचं) काम करणारे कारागीर वर्षभर असली मोल्डिंगची कामं घेतात. त्यांच्या हाताला हत्ती-घोडे येतात, तुझं शेपूट काय चीज आहे.

स्वतः करायचं असेल तर दोन गोष्टी. थर्माकोलचा साचा करून त्यावर सरळ पॉलिस्टर रेझिन लावू नकोस, थर्माकोल विरघळून त्याचा चिखल होतो. एक तर पीयू फोम कोरून साचा कर, किंवा थर्माकोलवर पॅकिंगची टेप घट्ट गुंडाळून वर पीओपीचा थर दे. दुसरी गोष्ट जिवाची आहे. रेझिनबरोबर दोन बाटल्या येतात, एक जांभळट कोबाल्ट आणि एक पाण्यासारखा हार्डनर. त्या दोन थेट एकमेकांत कधीही मिसळायच्या नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग हार्डनर. अंगणात कर, खोलीत नको, आणि हातमोजे घाल; फायबरची कुसळं दोन दिवस झोपू देत नाहीत.

मांडवीकरीण:
आता माझ्या मुख्य विषयावर येते. वायरिंगची नोकरी आहे, त्यामुळे राहवत नाही. डूम काढली की आत काय दिसणार आहे ते बघितलंत का? मीटर, हेडलाइट, इंडिकेटर यांच्या कपलरांचा (वायरी जोडणाऱ्या प्लगांचा) गुंता आजवर प्लास्टिकमागे लपलेला होता. तो एकदम उघडा पडतो. गॅरेजवाला पहिलं काम करतो ते म्हणजे पक्कड घेऊन कपलर उडवतो आणि वायरींना पीळ देऊन काळी टेप गुंडाळतो. तिथेच तुमची ‘परत बसवता आलं पाहिजे’ ही अट मेली.

त्यापेक्षा जुळणारे कपलर विकत घ्या आणि मधे छोटी जोडवायर बनवा. एका टोकाला गाडीचा मूळ कपलर, दुसऱ्या टोकाला नव्या दिव्याचा. मूळ हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) कात्री लागत नाही. गोल हेडलाइट निवडताना मागची वाटी खोल असलेली घ्या, सगळा गुंता आत मावतो. पाटीत बसवलेला चपटा दिवा दिसतो झकास, पण वायरी कुठे कोंबणार? आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खोचू नका, समोरच्याचे डोळे जातात आणि तुम्हाला रस्ता दिसत नाही.

इंडिकेटर एलईडीचे घेतलेत तर ते भराभर लुकलुकतील, कारण जुना फ्लॅशर बल्बचा भार बघून चालतो. लोक रेझिस्टर लावतात, ते तापतात आणि प्लास्टिक वितळवतात. एलईडीचा फ्लॅशर घ्या, किंमत किरकोळ आहे. शेवटचं, जिथे जिथे रंग किंवा पावडर कोटिंग कराल तिथे अर्थिंगचे बोल्ट खरवडून उघडे ठेवा. गाडी रंगवल्यावर ‘लाइटच येत नाही’ म्हणून येणाऱ्या बहुतेक गाड्यांचं दुखणं तेवढंच असतं.

आठवा_गिअर:
ताईंची ही पोस्ट वेगळा धागा म्हणून चिकटवून ठेवा. वाचनखूण साठवली.

कलम५२:
रंगावरून आठवलं. हँडलच्या मुंडीपाशी कोरलेला चासी नंबर रंगाखाली बुजू देऊ नका. पावडर कोटिंगचा थर जाड असतो. तिथे मास्किंग करायला सांगा, आणि आधी-नंतर दोन्ही फोटो काढून ठेवा.

रामबाग०९:
काम सुरू झालं. चासीला कोटिंग नाहीच, फक्त धुऊन, गंज घासून हातानं काळा रंग. डूम, शेपूट, बाजूची पॅनेलं उतरवली आणि गाडी एकदम चटपटीत दिसायला लागली. टाकी मात्र मोठी आहे, १५ लिटरची, खांदे रुंद. एफटीआरची टाकी याच्या निम्मीच असेल. ‘टाकी बदल’ असं दोघा-तिघांनी सुचवलं. बदलणार नाही. पंधरा लिटरमध्ये महेश्वरला जाऊन येता येतं, ते सौंदर्यापेक्षा मोठं आहे. खड्डा काढून घेतला, बाकी तीच.

हँडल कोणत्या रुंदीचं घ्यावं?

खरादवाला:
ट्रॅकरचं हँडल ८०० ते ८५० मिमी असतं. इंदुरात ८५० घेऊन जेल रोडला शिरून दाखव, मानलं तुला. ७८० ते ८०० बघ. नळी २२ मिमीची. नवीन हँडल उंच आणि रुंद असल्याने क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल, डिस्कची नळी, तिन्ही ताणल्या जातात. गाडी सुरू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकाला फिरव. आयडल वाढला तर केबल आखूड आहे, तशीच चालवली तर वळणावर गाडी आपोआप पळेल. डिस्कची नळी लांब घे, जोडावर नवे तांब्याचे वॉशर, ताजं ऑइल, आणि हवा पूर्ण काढ. मूठ टाकीला लागत नाही ना तेही बघ; या टाकीचे खांदे तूच सांगितलेस.

साइडस्टँड:
विरोधक असूनही विचारतो. मडगार्डचं काय? पुढे ट्रॅकरला मडगार्डच नसतं.

रामबाग०९:
राहणार. मूळचं माळ्यावर ठेवून दुसरं आखूड लावलंय. उलट माळव्यात उलटा प्रश्न आहे. इथली काळी माती ओली झाली की टायरला नुसती चिकटत नाही, थरावर थर चढवते. सोयाबीनच्या शेताकडच्या वाटेवर पावसात गेलात की टायर आणि मडगार्ड यांच्यामधली जागा भरून चाक जाम होतं, पुढचं चाक फिरायचंच थांबतं. ब्लॉक टायर असला की माती अजून धरते. म्हणून मडगार्ड टायरला चिकटून न ठेवता दोन बोटं वर घेतलंय, मूळच्याच बोल्टांवर लांब बुश देऊन. शहरातल्या फोटोत जरा उंच दिसतं, दिसू दे. मागचं मडगार्ड आणि साडीगार्ड दोन्ही मूळ, फक्त काळे केले. काळा साडीगार्ड लांबून दिसतही नाही, हा शोध मला फार आवडला.

लष्करवाला:
काळ्या मातीचं एकदम बरोबर. आमच्याकडे चंबळच्या बाजूला वेगळीच तऱ्हा, तिथे धूळ. एअरबॉक्स ठेवलात ना? मग ठीक.

रामबाग०९:
(दिवाळीनंतर) गाडी रस्त्यावर आली. खंडवा रोडने सिमरोळ घाटापर्यंत जाऊन आलो.

रुंद हँडलमुळे गाडी हलकी झाल्यासारखी वाटते, घाटात वळताना खांद्याऐवजी मनगटाने काम होतं. बसणं सरळ, पाय मूळ जागी, कंबर खूश. सीट चिंचोळी केल्यामुळे बायकोचे दोन्ही पाय टेकतात. इंजिनाचा सूर तोच, आवाज तोच. पंपावरच्या पोराने ‘भिया, ये कौनसी इम्पोर्टेड है’ असं विचारलं तेव्हा जपानमधली बहीण असं उत्तर दिलं.

एक तक्रार आहे. ९० च्या पुढे पुढचं चाक किंचित डोलतं. टायरमध्ये हवा बरोबर, चाकाचा आऊट (वाकडेपणा) तपासला, नाही.

खरादवाला:
बॉलरेसर (हँडलच्या मुंडीतलं बेअरिंग) बघ. अरुंद हँडलला जी ढिलाई कळत नाही ती रुंद हँडलवर कळते. पुढचं चाक जॅकवर उचल, फोर्कचे खालचे टोक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलव. खट वाजलं तर ढिला. आणि हँडल हळूच एका बाजूला सोडून दे, मधे कुठे अडकल्यासारखं झालं तर आतल्या वाट्यांना खळगे पडलेत, नुसतं आवळून उपयोग नाही, सेट बदल. वीस वर्षांचा असेल तर बदलच. शिवाय वाऱ्याचंही आहे. डूम गेली, सरळ बसून सगळा वारा तू छातीवर घेतोस आणि हँडलला लटकतोस. वेगात मूठ घट्ट धरू नको, गुडघ्यांनी टाकी दाब.

रामबाग०९:
काका, वाट्यांना खळगे होते. सेट बदलला, शंभर-दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा आवळला. डोलणं गेलं. वाऱ्याचं खरं आहे, ९० च्या वर आता मजा नाही. पण या गाडीकडून ती अपेक्षाही नाही.

पीथमपूर_शिफ्ट:
सॉकेट?

रामबाग०९:
एक दात जास्त. घाटात तिसऱ्यात ओढते, महामार्गावर तक्रार नाही. दोन घातले असते तर तुमची शिवी खाल्ली असती.

साइडस्टँड:
फोटो पाहिले. मान्य नाही, पण चांगली झालीय. बरं, कडा तडकलेली का होईना, ती मूळ डूम विकणार का? माझ्या मित्राची २००५ ची पांढरी आहे, त्याला हवीय. भाव तुम्ही सांगाल तो.

रामबाग०९:
नाही दादा, ती विकायची नाही. मित्राला म्हणावं, साच्यासाठी चार दिवस घेऊन जा. झांक्यावाल्याचा नंबर निरोपात पाठवतो.